पलीकडच्या खाटेचं काळीज

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी रेडिओ दुरुस्त करतो. शेजारणींनाही त्या तसंच सांगायच्या. मग त्यातली एखादी बंद पडलेला मिक्सर घेऊन कारापूरला आमच्या दारात उभी राहायची आणि मी तो दुरुस्त करून द्यायचो. माझं खरं काम समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता निवृत्त झालोय, वेळ आहे, म्हणून एकदा सांगून बघतो. डिचोली तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी एक लहान कंपनी होती. तिथे मी सर्किटं आखायचो. त्यातही माझ्याकडे एकच विषय: माहिती ज्या क्रमानं येते तो क्रम बदलून ती पुढे द्यायची, आणि तीही न थांबता. ऐकायला हे काम वाटत नाही, मला ठाऊक आहे.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी पत्त्यांचे डाव रंगतात. पानं वाटणारा काय करतो? एक पान पहिल्याला, एक दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, मग परत पहिल्याला. गड्डीत पानं एका क्रमानं असतात, प्रत्येकाच्या हातात वेगळ्या क्रमानं जमतात. माझं सर्किट हेच करायचं. फरक एवढाच, की तिथे गड्डी कधी संपत नाही आणि वाटणाऱ्याला श्वास घ्यायलाही उसंत नसते.

पुढे देण्याआधी ही माहिती क्षणभर कुठे तरी साठवावी लागते. सरळ रस्ता म्हणजे दोन कप्पे ठेवायचे. एक भरत असताना दुसरा रिकामा करायचा, मग अदलाबदल. त्याला जागा दुप्पट लागते, पण डोकं लागत नाही. आमची चिप स्वस्तातली, तिच्यात जागा नेहमीच अपुरी. म्हणून मी एकाच कप्प्यात भागवायचो. एक खण मोकळा झाला की त्याच क्षणी नवा आकडा त्यात टाकायचा. असं केलं की फेरीगणिक कप्प्यातला क्रम विसकटत जातो. बघणाऱ्याला वाटेल, सगळा चुथडा झाला. पण गणित नीट मांडलं तर कुठला आकडा कुठल्या खणात आहे हे कायम सांगता येतं, आणि काही फेऱ्यांनंतर सगळे आपोआप मूळ क्रमाला येतात. हे मला पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, “बरं झालं” म्हणाली आणि भात वाढला.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. एका देवस्थानाच्या जत्रेसाठी आम्ही दिव्यांची धावती पाटी करून दिली होती. दिव्यांच्या तबकड्या त्यांनी स्वतःच्या मनानं उलटसुलट बसवल्या आणि ‘स्वागत’चं ‘गतस्वा’ झालं. कमिटीच्या अध्यक्षांनी मला फोन करून गंभीरपणे विचारलं, “हें कितें, संस्कृत?” मी जाऊन तबकड्या न हलवता सर्किटातला क्रम बदलून दिला. मी काही तरी मंत्र घातला असं त्यांना वाटलं. असे प्रसंग हसून सोडून देता येतात. इस्पितळाच्या पेटीचं तसं झालं नाही, आणि तिच्याबद्दल आजही माझ्या मनात सगळं सरळ नाही.

डिचोलीच्या बाजूला एक लहान खासगी इस्पितळ आहे. तिथे हृदयाच्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी चार खाटांची एक खोली होती. प्रत्येकाच्या छातीला वायर लावलेल्या. काळजाच्या ठोक्यातली वीज सारखी मोजली जायची आणि चारही खाटांचे आकडे आळीपाळीनं एकाच केबलवरून सिस्टरच्या टेबलापर्यंत यायचे. एक नंबरचा एक आकडा, दोनचा एक, तीनचा, चारचा, परत एकचा. टेबलावर माझी पेटी. ती हे आकडे खाटेप्रमाणे वेगळे करायची आणि मोठ्या स्क्रीनवर एकाखाली एक चार रेषा उमटायच्या. रेष बिघडली की त्या खाटेचा नंबर लाल व्हायचा आणि पेटी ओरडायला लागायची.

हे सगळं चाचणीसाठी होतं. प्रत्येक खाटेशेजारी इस्पितळाचा जुना लहान मॉनिटर होताच, आणि उपचार त्याच्याच भरवशावर करायचे असं ठरलेलं होतं. ठरलेलं असलं तरी डोळे मोठ्या स्क्रीनकडेच जायचे.

पेटी बसवून थोडे दिवस झाले आणि तिथल्या सिस्टर प्रमिलांचा फोन आला.

“सर, तुमची मशीन कधी कधी गोंधळते.”

“म्हणजे नेमकं काय होतं?”

“तेच सांगता येत नाही. बघताना बरोबर वाटत नाही. आणि मग थोड्या वेळानं बरोबर वाटतं.”

यावर कुठला इंजिनिअर काय करणार? मी गेलो. पेटी बंद करून चालू केली, कारण आम्ही सगळे आधी तेच करतो. सगळं ठीक. सिस्टर म्हणाल्या, “आता बरोबर आहे.” मी परत आलो. पुन्हा फोन. या वेळी म्हणाल्या, चार नंबरची रेष मध्येच कोरी पडते. मी जाऊन चार नंबरच्या वायर बदलल्या, पेटी बंद करून चालू केली, सगळं ठीक. पुढच्या फोनला सिस्टर म्हणाल्या की आज दोन नंबरची कोरी पडली. मग मी दोन नंबरच्या वायर बदलल्या.

माझा सहकारी शिरीष यानं खाटेजवळचा भाग बनवला होता, म्हणजे वायरचा प्लग जिथे बसतो ते युनिट आणि तिथून पुढची केबल. आम्ही दोघांनी कारखान्यात तसाच सेट मांडला. माणसांच्या जागी ठोके देणारी चार यंत्रं लावली आणि तो सेट दिवसचे दिवस चालवला. एकदाही चूक नाही. शिरीष म्हणाला, “सिस्टरांचीच काही तरी गफलत होत असेल.” मलाही तसंच वाटत होतं. पण त्यांचा आवाज गफलत करणाऱ्या माणसाचा नव्हता. शेवटी मी ठरवलं की एक दिवस तिथेच बसायचं आणि पेटीला हात लावायचा नाही.

मी सकाळी पोचलो तेव्हा वीज जाऊन आली होती, त्यामुळे पेटी नुकतीच नव्यानं सुरू झालेली. चारही रेषा व्यवस्थित. सिस्टरांच्या टेबलाजवळ मला एक स्टूल मिळालं.

एक नंबरवर गोविंदबाब होते, इब्रामपूरचे. काजूची बाग, मोठा आवाज. आमच्याकडे सुताराला किंवा कुठल्याही कारागिराला मेस्त म्हणतात. त्यांच्या हिशेबानं मी डब्याचा मेस्त. मला बघताच ते म्हणाले, “मेस्ता, काय सांगता तुजो डबो? जितो आसंय मां मी?”

“जिते आहात, बाब. एकदम व्यवस्थित.”

“मगे घराक धाड माका.”

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जहाजावर. शेजाऱ्यानं आणून दाखल केलं होतं आणि तो गेला तो परत आला नव्हता. भेटीच्या वेळी बाकीच्यांच्या खाटांपाशी माणसं यायची, तेव्हा गोविंदबाब भिंतीकडे तोंड करून झोपायचे. सिस्टरनी कधी विषय काढला तर म्हणायचे, “येवन करतले काय? माजा तोंड बघतले?”

दोन आणि चार नंबरवर दोन म्हातारे होते, बहुतेक वेळ झोपलेले. तीन नंबरवर नार्व्याच्या शेवंतीबाय. साठीच्या आसपासच्या, बारीक, कुणाला त्रास नको म्हणून पाणीसुद्धा न मागणाऱ्या. त्यांची मुलगी रत्ना बाहेरच्या बाजूला दारापाशी बसायची. आत बसायची परवानगी नव्हती, पण दाराला मोठी काच होती आणि काचेतून माझी स्क्रीन समोर दिसायची. आईचा चेहरा तिथून दिसत नव्हता, फक्त पाय दिसायचे. म्हणून ती रेष बघायची. वरून तिसरी.

मी चहाला बाहेर गेलो तेव्हा ती माझ्याशी बोलली. ती मराठीत सुरुवात करायची आणि बोलता बोलता कोंकणीत जायची. “काका, तुम्हीच केलंत ना हे? बरं केलंत. आधी काय कळायचंच नाही. आता हांव ह्या कदेलार बसतां आनी पळयतां. खुर्चीवरून हलतच नाही, बघत राहते. आईची रेष जरा हळू झाली की मी म्हणते, आवय, आवय, चल. आणि मग ती चालते.” स्वतःच्याच बोलण्याला ती थोडी हसली. “तिला ऐकू जात नाही, ते माहीत आहे.”

मला फार बरं वाटलं. आमच्या कामात आभार मानणारं माणूस भेटत नाही.

गोविंदबाबांच्या पायावर सूज होती. ती उतरावी म्हणून त्यांना लघवी होण्याचं औषध दिलेलं. त्यामुळे त्यांना अधूनमधून बाथरूमला उठावं लागायचं. दर वेळी सिस्टर त्यांचा प्लग काढायच्या, परत आले की लावायच्या. पहिल्या वेळी मी स्क्रीनकडे बघत होतो. एक नंबरची रेष कोरी झाली, ‘वायर निघाली’ असं उमटलं, आणि ते परतल्यावर रेष पुन्हा सुरू झाली. अगदी जसं व्हायला हवं तसं. चार रेषा, चारही चालू. कुठला ठोका कुणाचा हे काही ठोक्यावर लिहिलेलं नसतं.

काही वेळानं ते पुन्हा उठले. आणि या वेळी कोरी झाली ती चार नंबरची रेष.

मी ताडकन उठून चार नंबरच्या खाटेकडे गेलो. म्हातारा शांत झोपला होता. छातीवरच्या वायर जागच्या जागी, प्लग घट्ट. मी वाकून, खाली गुडघे टेकून केबल शेवटपर्यंत चाचपली. परत येऊन बघतो तर रेष आलेली. तोवर गोविंदबाबही आपल्या खाटेवर येऊन बसले होते. मी गोंधळून सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “बघितलंत? हे असंच.” मला तेव्हाही दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. माझं सगळं लक्ष वायरीत अडकलेलं.

त्यानंतर गोविंदबाब उठले नाहीत. दुपारची पेज आली. गोविंदबाब खाटेवर मांडी घालून पेज आणि लोणचं खात होते, आणि पेटी ओरडली. एक नंबर लाल. स्क्रीनवरची पहिली रेष पिसाटल्यासारखी वरखाली व्हायला लागली. इतक्या वर्षांत मी अशी रेष फक्त यंत्रातून काढलेली बघितली होती. डॉक्टर धावत आले ते थेट एक नंबरवर. त्यांनी गोविंदबाबांच्या हातातली वाटी काढून घेतली.

“बाब, छातीत दुखतंय?”

“छातीत नाय, कानात दुखता. ती पिपाणी बंद करा आनी माका पेज खावंक दिया.”

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. स्क्रीनकडे बघितलं, परत मनगटाकडे. डॉक्टर तरुण होते. त्यांच्या कपाळावर आलेला घाम मला दिसत होता.

“नाडी व्यवस्थित आहे,” ते म्हणाले. “ही रेष यांची नाही.” आणि माझ्याकडे वळले. “मग कुणाची आहे?”

ते सर्किट मी आखलं होतं. एका एका आकड्याची जागा मला पाठ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “माहीत नाही.”

“सगळ्यांची नाडी बघा,” डॉक्टर ओरडले. सिस्टर दोन नंबरकडे धावल्या. मी तीन नंबरच्या जवळ उभा होतो. शेवंतीबायच्या खाटेशेजारचा जुना मॉनिटर धोक्याची टिकटिक करत होता, पण त्यांनी नुसती कूस बदलली तरी तो तशीच करायचा, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. त्यांचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. डोळे अर्धे उघडे, पण ते कशाकडे बघत नव्हते. मी हाक मारली, काय म्हणून मारली ते आठवत नाही. डॉक्टर आले, सिस्टरनी पडदा ओढला, मला बाजूला ढकललं. पडद्याआडून विजेचा झटका देण्याच्या यंत्राचा चढत जाणारा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, “लांब व्हा.”

मी काचेकडे बघितलं. रत्ना उभी होती. पुढे तिनं सांगितलं, की डॉक्टर गोविंदबाबांकडे धावले तेव्हा तिनं त्यांच्यासाठी हात जोडले होते. आता तिच्या आईच्या खाटेभोवती पडदा होता, आणि स्क्रीनवर तिसरी रेष संथपणे, एका लयीत चालली होती. ती एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा रेषेकडे. तिला कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नव्हतं. आणि मी, ज्याला कळायला हवं होतं, तोही तसाच उभा होतो.

शेवंतीबाय वाचल्या. दुसऱ्या झटक्याला काळीज लयीत आलं. डॉक्टर बाहेर येऊन रत्नाला म्हणाले की वेळेवर लक्षात आलं. मी पेटी बंद केली.

रत्नानं मला गॅलरीत गाठलं. “काका, स्क्रीन कित्याक बंद केली?”

मी तिला खरं ते सांगितलं. रेषांची अदलाबदल झाली होती. तिची आई वरून तिसरी नव्हती.

तिनं विचारलं, “कधीपासून?”

“ते बघावं लागेल.”

“मग मी सकाळपासून कोणाला चल चल म्हणत होते?”

“तेही बघून सांगतो,” मी म्हणालो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

गॅलरीतूनच मी शिरीषला फोन केला आणि घडलेलं सगळं क्रमानं सांगायला लागलो. गोविंदबाब दुसऱ्यांदा उठले आणि चार नंबर कोरा पडला, हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मी थांबलो.

“शिरीष, प्लग काढून परत लावला की तुझं युनिट पहिला आकडा पाठवतं?”

“नाही. प्लग बसतानाचा पहिला आकडा खराब असतो. तो मी टाकून देतो.”

“त्याच्या जागी कोरा आकडा पाठवतोस?”

“नाही. टाकून दिला म्हणजे दिला. का?”

मी पायरीवर बसलो. पत्ते वाटताना एक पान खाली पडलं आणि वाटणाऱ्याला ते समजलंच नाही, तर पुढचं प्रत्येक पान एकेक माणूस सरकतं. पहिल्याला दुसऱ्याचं, दुसऱ्याला तिसऱ्याचं. गोविंदबाबांच्या एका फेरीनंतर सगळी काळजं एक घर सरकली. दुसऱ्या फेरीनंतर दोन घरं, म्हणजे एकचं तीनला आणि तीनचं एकला. चौथ्या फेरीनंतर सगळं परत जागच्या जागी. सिस्टर म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं, थोड्या वेळानं बरोबर व्हायचं. आणि मी जाऊन पेटी बंद करून चालू केली की पेटी पहिल्या खाटेपासून नव्यानं मोजायला लागायची, म्हणून माझ्यासमोर कधीच चूक दिसली नाही. कारखान्यातल्या त्या चार यंत्रांना कधी लघवीला जावं लागलं नव्हतं.

दोष कुणाचा हे ठरवायला कंपनीत नंतर बैठक झाली. काम सुरू करताना शिरीष आणि मी चहा पिताना एक गोष्ट पक्की केली होती: क्रम मोडणार नाही. त्याच्या मनात होतं की आकडे पुढेमागे होणार नाहीत. खराब आकडा गाळला तरी बाकीचे रांगेतच असतात, म्हणजे क्रम मोडला नाही. माझ्या मनात होतं की एकही आकडा गळणार नाही, कारण मी नुसतं मोजून ओळखणार होतो की हा कुणाचा. दोघांनी तेच वाक्य म्हटलं, दोघांनी ते पाळलं. साहेब आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “मला तर दोघांचंही बरोबर वाटतंय,” आणि ते जरा हताशपणेच म्हणाले.

उपाय दोन होते. गळलेल्या जागी शिरीषनं कोरा आकडा भरायचा, म्हणजे माझं सर्किट जसंच्या तसं राहणार. किंवा प्रत्येक आकड्याला त्याच्या खाटेचा नंबर चिकटवून पाठवायचा, म्हणजे मध्ये काहीही गळलं तरी कुठला आकडा कुणाचा यात शंका नाही. पण नंबर चिकटवला की प्रत्येक आकडा जाडा होतो, जागा जास्त लागते, आणि ती जागा काढायची तर माझी ती एका कप्प्याची युक्ती सोडून मोठी चिप घ्यावी लागणार. आणि जागा ऐसपैस झाल्यावर युक्तीचं कारणच उरणार नाही.

शिरीष म्हणाला, “मी कोरा आकडा भरतो. एका दिवसाचं काम आहे. तुझं इतकं सुंदर सर्किट कशाला मोडतोस?”

मला मोह झाला, नाही म्हणणार नाही. त्या सर्किटात एक आकडाही वाया जात नव्हता. आकड्यांना नावंच नव्हती. फक्त जागा होती, आणि जागेवरून सगळं ओळखता येत होतं. एवढं नीटस काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही केलं नाही. पण गॅलरीतली रत्ना डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी म्हणालो, “नंबर चिकटवू.”

चिप पुन्हा लिहिता येण्यासारखी होती, आणि सुदैवानं तिचीच मोठी बहीण आमच्या कपाटात पडून होती. नवं सर्किट आखणं सोपं गेलं. इतकं सोपं, की थोडं वाईट वाटलं. जुन्याची आकृती कितीतरी दिवस माझ्या टेबलासमोर भिंतीवर होती. कारखान्यात कुणी पाहुणा आला तर विचारायचा, “हे काय?” मी सांगायला लागलो की तो घड्याळ बघायचा. पुढे रंगकाम करताना कुणी तरी ती काढली, कुठे ठेवली माहीत नाही.

आठवड्याभरात आम्ही पेटी परत घेऊन गेलो. शेवंतीबाय अजून तिथेच होत्या, आता उशीला टेकून बसत होत्या. गोविंदबाबांची सूज उतरली होती, पण घरी बघायला कुणी नाही म्हणून डॉक्टर त्यांना सोडत नव्हते. दोन आणि चार नंबरचे म्हातारे घरी गेले होते. चार नंबरची खाट बाहेर काढून तिथे भिंतीचं काही काम चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले की लावून बघायला हरकत नाही. तेवढ्यात दारातून रत्ना म्हणाली, “माझ्या आईला नको.”

ती आत आली. सिस्टरनी अडवलं नाही. “आधी मला दाखवा,” ती मला म्हणाली. “माणसावर दाखवा. यंत्रावर नको.”

“माका लाय,” गोविंदबाब आपल्या खाटेवरून म्हणाले. “माजा काय जाता?”

एक गोविंदबाब, आणि दुसरा मी. दोन नंबरची खाट रिकामी होती. मी शर्ट काढून झोपणार तेवढ्यात रत्नानं विचारलं, “तुमची आणि गोविंदबाबांची रेष वेगळी कशी ओळखायची?” प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “थांब.” बाहेर जाऊन इस्पितळाचा जिना मी खालपासून वरपर्यंत पळत चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. वाटेत एक वॉर्डबॉय भिंतीला चिकटून उभा राहिला. तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. परत येऊन मी खाटेवर आडवा झालो तेव्हा माझं काळीज कानात वाजत होतं.

शिरीषनं वायर लावल्या. स्क्रीनवर वरून दुसरी रेष धावत सुटली होती, पहिली रमतगमत चालली होती. रत्नानं एका हातानं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. दुसऱ्या हातानं तिनं गोविंदबाबांचा प्लग काढला. पहिली रेष कोरी झाली. तिनं प्लग लावला. पहिली रेष आली, दुसरी तशीच धावत होती. तिनं परत काढला, परत लावला. ओठ हलवत ती माझी नाडी मोजत होती आणि डोळे स्क्रीनवर. मी जरा शांत व्हायला लागलो तशी ती रेषही शांत व्हायला लागली. तिनं प्लग आणखी एकदा काढून लावला.

“हे तुमचं,” ती शेवटी म्हणाली. “धापा टाकतंय.”

“म्हातारा जालो मेस्त,” गोविंदबाब म्हणाले.

रत्नानं माझा हात सोडला, पण ती तिथेच उभी राहिली. “काका, त्या दिवशीचं सांगितलंच नाही तुम्ही. मी कोणाचं बघत होते?”

तोवर मी हिशेब केला होता. वीज आली ती वेळ, बाथरूमच्या फेऱ्या, सगळं जुळवून बघितलं होतं. पडल्या पडल्याच मी तिला सांगितलं. सकाळी आधी आईचंच. मग थोडा वेळ चार नंबरच्या आजोबांचं. आणि मग दुपारपर्यंत गोविंदबाबांचं.

रत्ना वळली. गोविंदबाब पाय खाली सोडून बसले होते, छातीला वायर, आणि आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. काही तरी टोमणा येणार म्हणून मी वाट बघत होतो.

“बाब,” ती म्हणाली, “ती रेष तुमची होती. मी तिकडे बसून तुमचीच रेष पळयत होते. जरा हळू झाली की चल चल म्हणत होते.”

गोविंदबाबांनी तिच्याकडे बघितलं, मग काचेपलीकडच्या तिच्या रिकाम्या खुर्चीकडे. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“म्हंजे माज्याखातीर पण कोण तरी बसलेला,” ते म्हणाले.

ते चुकून झालं होतं, हे रत्नाला सांगायचं असावं. तिचे ओठ हललेसुद्धा. पण तिनं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.